गॅसवर टांगलेली कणसं

खोडाळ्याचं घर सोडून सासूबाई जव्हारला आमच्याकडे राहायला आल्या, त्या बियाण्याची मक्याची कणसं घेऊनच. आल्या आल्या ती त्यांनी गॅसच्या बरोब्बर वर टांगली. गावी चुलीवर टांगायच्या, म्हणून इथेही! भाजी परतताना कणसं कपाळाला लागायची आणि माझं डोकं फिरायचं.

“आई, डब्यात ठेवू या ना.”

“डब्यात बी घुसमटतं,” एवढंच त्या म्हणायच्या.

पुढे दुपारी घर शांत झालं की स्वयंपाकघरात बारीक कुरकुर ऐकू यायला लागली. कुठून येते ते सापडेना, त्यामुळे मला चैन पडेना.

परसात पेरायला कणसं खाली काढली, तर दाण्यादाण्याला भोक. हात लावताच ओट्यावर पीठ सांडलं. चुलीच्या धुरामुळे बियाण्याला कीड लागत नाही. गॅसला कुठला धूर? आता चांगलं सुनावायचंच, असं मी ठरवलं. पण सासूबाई वर बघत होत्या.

“मला कळायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “एवढ्या पांढऱ्या छताखाली बी कसं टिकेल?”

त्या छताचं मला केवढं कौतुक होतं! आता फोडणी देताना सारखी वर नजर जाते. अजून पांढरंच आहे.