कुंपारीचा पांढरा नर

"थुकली?"

"न्हाई. बसली."

"ही बी?"

"बसली की. पाय पोटाखाली घिऊन, मान लांब करून. जसं काय पयल्यांदाच नवरा बघतीया."

सेनोबियानं नराची दोरी मागं ओढली. दगडी भिंतींच्या वाडग्यात उभ्या असलेल्या जावेकडं, फाकुंदाकडं, तिला बघवेना. फाकुंदानं पुढची मादी धरून आणली. तीही बसली. लोकरीसाठी पाळलेल्या अठराच्या अठरा अल्पाका अशा बसल्या.

आमच्या वियाकोता गावात, या उंच डोंगरावर, ही परीक्षा पोरासोरांनाही ठाऊक. मादी गाभण राहिली की नराला जवळ येऊ देत नाही. लाथा झाडते, त्याच्या तोंडावर हिरवं थुंकते. रिकामी असली तर पुढ्यात बसते. नराचं तोंड जितकं घाण, तितकी मालकीण खूश. त्या सकाळी नराचं तोंड धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मागच्या खेपेला असंच झालं तेव्हा फाकुंदानं गारपिटीला दोष दिला होता. आता फेब्रुवारी सरत आलेला, त्याच्याबरोबर आमचा पावसाळाही, आणि पावसाळ्याबाहेर आमच्याकडं कोणी माद्या फळवत नाही. उशिरा जन्मलेलं पिल्लू हिवात टिकत नाही.

"आक्का, एक इचारू? रागावू नगंस."

"इचार."

"ह्येला आणला तवा खाली हात घालून बघितलं हुतंस का?"

"कुंपारीच्या जनावराला खाली हात घालू? याड लागलंय का तुला?"

आमच्यात लेकराचं जावळ ज्यानं पहिल्यांदा कातरलं तो कुंपारी. सख्ख्या भावाहून वरचं नातं. फाकुंदाच्या लेकीचं, रुफिनाचं जावळ टेकडीवरच्या मेलितोननं कातरलं होतं. त्याच्या घरचं जनावर दारात आलं की त्याच्यावर चिचा, म्हणजे मक्याची दारू, शिंपडायची, कोकाची तीन पानं पाठीवर ठेवायची आणि आत घ्यायचं. चाचपून बघणं म्हणजे पाहुण्याच्या ताटात बोटं घालणं.

नवरा गेल्यावर फाकुंदानं दहा वर्षं एकच गोष्ट केली. दर वर्षी ठिपक्याची, तपकिरी पिल्लं बाजूला काढायची, पांढरीच ठेवायची. काढलेल्यांचं मांस वाळवलं, कातड्यांवर लेकी झोपवल्या. दहाव्या वर्षी वाडग्यात नुसतं पांढरं उभं राहिलं. गेल्या जत्रेत तिच्या मादीनं मेलितोनच्या मादीला मागं टाकून पहिल्या बक्षिसाची फीत नेली. मेलितोननं मांडवातच तिला मिठी मारली होती, सगळ्यांदेखत.

मग नोव्हेंबरात कातरणीच्या वेळी तो आला. "फाकुंदाबाई, तुमच्या दोन्ही नरांची लोकर जाडी व्हाय लागलीया. खच्ची करून टाका. माजा पांढरा जानेवारीत तुमच्या वाडग्यात आणून बांधतो." सुरी त्याचीच होती. पाय फाकुंदानं धरले. बदल्यात तिनं बारा दिवस त्याच्या माद्यांची लोकर कातरली, हाताला फोड येईपर्यंत. आमच्यात हाताची फेड हातानंच होते.

शेवटी सेनोबियानंच नराचं शेपूट वर केलं, चाचपलं आणि हात घागऱ्याला पुसला.

"आक्का, बटाटं न्हाईती ही. चुन्यो हाईत."

हिवात वाळवून सुरकुतलेला तो बटाटा आमच्या घराघरात असतो. फाकुंदाला हसू आलं नाही. तिनंही हात घातला. मग दोरी घेतली आणि टेकडी चढली.

मेलितोन आपल्या वाडग्याच्या भिंतीवर बसून कोका चघळत होता. आत खरा पांढरा नर मादीवर चढला होता. तो आणि फाकुंदाच्या दोरीतला, दोघांच्या कानात गुलाबी गोंडे, दोघं एकाच आईचे. लांबून कुणीही फसावं.

"या, फाकुंदाबाई. इतक्यात परत आणला? फळल्या का समद्या?"

"ह्यो कुनाला फळवंल, कुंपारी?"

"असं व्हय." त्यानं पान गालातल्या गालात फिरवलं. "मग बघून घ्यायचा हुता. म्या काय डोळं बांधलं हुतं तुमचं?"

"बघितलं असतं तर तुमीच गावभर सांगितलं असतं, फाकुंदा इश्वास ठिवत न्हाई म्हून."

"त्ये बी खरं हाय म्हना."

"फीत पायजे हुती तर मागायची. दिली असती. भिताडाला टांगलीया, माश्या बसत्यात तिच्यावर."

मेलितोनची बायको सूपाची वाटी घेऊन आली. तिला काही ठाऊक नव्हतं. फाकुंदानं वाटी घेतली, रीतीप्रमाणं चार थेंब जमिनीला वाहिले आणि उरलेलं सूप मेलितोनच्या कुत्र्यापुढं ठेवलं. कुत्र्यानं ते चाटून संपवेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग दोरी भिंतीवर टाकून निघाली.

सेनोबिया वाटेतच भेटली.

"आता सणाला रुफिनानं त्येच्या पाया पडायचं का, आक्का?"

"पडंल. कापलेलं जावळ परत डोस्क्याला चिकटवता येतंय व्हय?"

दोघी उतार उतरू लागल्या.

"माजा नर हाय," सेनोबिया म्हणाली. "ठिपक्याचा हाय. पिल्लं चितरी-बांडी निघतील. पन निघतील."

फाकुंदा थांबली. खाली तिचं वाडगं दिसत होतं, दुधाचं भांडं सांडावं तसं पांढरं. दहा वर्षांचं काम. पिल्लाविना एक साल गेलं की माद्या आणखी एका सालानं म्हाताऱ्या होतात, आणि त्या कुणासाठी थांबत नाहीत.

"उद्या आण," ती म्हणाली. "आदी त्या दोन थोराड माद्यांना दाखवू. सोन्यासारख्या हाईत गं त्या."

पश्चिमेला ढग काळे होत होते आणि गारा आल्या तर हगवण लागलेली तीन पिल्लं आडोशाला न्यायला हवी होती. तिनं कमरेला बांधलेली गोफण सोडली, तिच्यात एक खडा घातला आणि चिखलाच्या कुरणात पार पल्याड गेलेल्या माद्यांना वळवायला उतारानं धावत सुटली.