नडगीले तूप-हळद

वावराच्या धुऱ्यावरून पाय घसरला अन् माझ्या नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तरी ते काही जुळेना. मंग वाशीमच्या डॉक्टरनं साबणाच्या वडीएवढी एक मशीन देली. म्हणाला, "बाबा, यातून आवाजाच्या लहरी निघतात. रोज जेल लावून मोडल्या जागेवर बांधायची. हाड जुळायला जोर येतो."

"आवाज तं येत नाही."

"माणसाच्या कानाला नाही येत."

हाडाले कान असतात हे मले त्या दिवशी समजलं.

मले घाई पोळ्याची होती. आमच्या गावात तोरणाखालून पहिली जोडी आमची निघते, अन् कासरा घरातल्या मोठ्यानं धराचा असते. यंदा मी चाललो नाही तर तो मान चुलतभावाकडे जाणार होता. तो रोज ओट्यावर येऊन पायाकडे पाहे. "दादा, तू बस ना आरामात. जोडी मी नेतो."

सून जेल लावून मशीन बांधून देई. पण ना चटका, ना झिणझिण्या. आता शेक कसा असते हे मले कोणी शिकवाव? पोळ्याच्या आदल्या दिवशी आमी बैलाचे खांदे शेकतो. पळसाच्या पानाले तूप-हळद लावून, गरम करून. बैल डोळे मिटून घेते. म्हणून सून चुलीकडे वळली की मी जेल पुसून टाको, तसंच पान नडगीवर ठेवो अन् त्यावर मशीन बांधो. झकास वाटे.

महिन्यानं हाडाचा फोटो काढला. फट जशीच्या तशी. डॉक्टरनं वाकून पाय पाह्यला. "बाबा, तुपाचा वास कसा काय?"

मी धोतर नडगीवर ओढलं.

सून म्हणाली, "अवो मामाजी! अन् तूप खाते म्हणून मी मांजरीले मारून राह्यली!"

डॉक्टर म्हणाला, मधी पान असलं की लहरी हाडापर्यंत पोचत नाहीत, जेलच पाहिजे.

"बैलाले तं गुण येते."

"बैलाचं हाड मोडलं होतं का?"

लहान माणसाच्या तोंडी लागाची मले सवय नाही.

तेव्हापासून मशीन चालू असली की सून समोर तांदूळ निवडत बसे. पोळ्याच्या तोंडावर परत फोटो काढला. फट भरत आली होती. डॉक्टर म्हणाला, काठी घेऊन थोडं थोडं चाला. बैलासोबत चालू नका असं तो म्हणाला नाही, कारण मी पुसलंच नाही.

पोळ्याले एका हाती काठी, एका हाती कासरा. बाजूले चुलतभाऊ, हात पुढं करूनच. पहिल्या जोडीच्या पुढं कोणी जात नाही, त्यामुळं साऱ्या गावाचे बैल माझ्यामागं अडकले.

"आबा, दिवाळी आली ना!" मागून कोणी ओरडलं.

"ज्याले घाई असंन त्यानं ट्रॅक्टर आणाव!"

तोरण पार झालं. मी पारावर बसलो अन् कासरा चुलतभावापुढं धरला.

"घे. मान झाला. आता बैल घरी नेऊन बांध."