गॅलरीतलं बसणं

चामोर्शीत आमच्या शेजारचे भाऊ दर हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जात. आमदारांकडून पास घेऊन विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत बसत आणि आमच्या नदीवरच्या पुलाचा प्रश्न कधी निघतो, याची वाट बघत. तिथे बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. हळूहळू ते घरीही तसेच बसू लागले. तळहात गुडघ्यांवर, डोळे अर्धवट मिटलेले.

एका वर्षी नियम बदलला. दिवसभराचा पास तासाभराचा झाला. पुलाचा प्रश्न पुकारला आणि नेमका भाऊंचा तास संपला. ते मुकाट उठून बाहेर आले. उत्तर त्यांना आमदारांनी मागून सांगितलं: विचाराधीन आहे.

ते गावी परतल्यावर हे ऐकून मी तर चिडलोच. "थांबले काऊन नाई, भाऊ?"

"अडून बसलो असतो तं पेपरात मी आलो असतो बापा, पूल नसता आला."

संध्याकाळी नदीवर धुकं उतरलं. भाऊ काठावर तसेच बसलेले, पलीकडचा काठ विरघळत चाललेला. मी शेजारी टेकलो, पायावर पाय टाकून. माझ्याकडे न बघता त्यांनी माझा पाय हळूच खाली ठेवला.

"सभा सुरू आहे नं अजून," ते पाण्याकडे बघत म्हणाले.