फळीवरचा पुढचा पाय

आमच्या बाबांनी बांधलेल्या होडीत कुणी डावा पाय आधी टाकला की संपलंच. माणूस कितीही मोठा असो, बाबा त्याला खाली उतरवायचे आणि उजवा पाय टाकून पुन्हा चढायला लावायचे. एकदा तर होडीच्या मालकालाच त्यांनी सगळ्या गावासमोर गुडघाभर पाण्यात परत उतरवलं. तो बिचारा नवं कोरं धोतर नेसून आला होता. "होडी तुझी हाय, पन बांधली मी हाय," एवढंच बाबा म्हणाले आणि बिडी पेटवून उभे राहिले. रेवस ते मांडवा या पट्ट्यात होड्या बांधणारे सुतार चार-पाच होते, पण एवढा तापट दुसरा नव्हता. मी त्यांची एकुलती एक मुलगी. माझा तापटपणा कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

साठ साल उलटून गेलं होतं, मी एकोणीस-वीस वर्षांची असेन. मुंबईच्या एका डॉक्टरबाईंचा आमच्या किनाऱ्यावर बंगला होता. शनिवारी त्या लाँचने यायच्या आणि रविवारभर समुद्रावर खेळायच्या. खेळ कसला, तर पायांत लाकडी फळ्या अडकवायच्या, मोटरबोटीला लांब दोर बांधायचा, त्याची मूठ धरायची, आणि बोट निघाली की पाण्यावर उभं राहून तिच्यामागून घसरत जायचं. पहिल्यांदा ते बघायला सगळा गाव जमला तेव्हा माझ्या आईनं तोंडाला पदर लावला. "अगो बाय! ही सवता डॉक्टर ना? मग हिला औषद कोन देनार?"

बोट चालवणारा पुढे बघतो. मागचा माणूस पडला तर ते सांगायला बोटीत कुणीतरी उलटं तोंड करून बसावं लागतं. बाबा बाईंच्या बोटीची डागडुजी करायचे, त्या ओळखीनं हे काम मला मिळालं. वर्षभर मी "पडल्या हो, पडल्या!" असं ओरडत बसले. शेवटी एक दिवस राहवलं नाही. म्हटलं, "बाई, मी उभी राहू का एकदा?"

"अगं, कपडे?" बाई म्हणाल्या. त्यांच्या मैत्रिणी पोहायचे तोकडे कपडे घालायच्या, ते मला सात जन्मांत जमलं नसतं. मी आईचं जुनं लुगडं घट्ट कासोटा मारून नेसले, गुडघ्याच्या वर, चिखलात उतरणाऱ्या बायका नेसतात तसं. त्या लुगड्यानं मला एकदाही दगा दिला नाही. बाईंच्या मैत्रिणींच्या टोप्या वाहून गेल्या, एकीचा गॉगल गेला, माझा कासोटा जागच्या जागी!

दोन फळ्यांवर मी पंधरवड्यात पक्की झाले. मग बाईंनी मला खरा खेळ दाखवला. दरवर्षी पावसाळ्याआधी बंगलेवाल्यांची शर्यत असायची. पाण्यात सहा बोये सोडायचे, जाळ्याला बांधतात तसले तरंगते बोये, तीन या हाताला, तीन त्या हाताला, आलटूनपालटून. बोट मधून सरळ जाते. तिच्यामागच्यानं एकाच फळीवर उभं राहून, नागमोडी जात, प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालायचा. एक पाय पुढे, एक मागे. सहा पुरे झाले की पुढच्या फेरीत बोटीचा वेग वाढवायचा. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणावं.

त्याच वर्षी माघात माझं लग्न ठरलं. मुलगा घाटावरचा, शाळामास्तर, स्वभावानं चांगला वाटला. मी एवढंच विचारलं, तुमच्या गावाला नदी आहे का? ओढा आहे, म्हणाले, पण दिवाळीनंतर आटतो. सासरकडून पाठोपाठ निरोप आला, मुलीची पाण्यातली थेरं आमच्या कानावर आली आहेत, ती तिकडेच ठेवून यावं. लग्न वैशाखात, शर्यत चैत्राच्या अखेरीला. म्हणजे माझ्या वाट्याला आयुष्यात एकच शर्यत होती. पहिला नंबर नको होता असं म्हटलं तर ते खोटं होईल, पण तो मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. मला सहा बोये हवे होते. एकदाच, पण सहाच्या सहा.

बाईंची परदेशी फळी मला लांब पडायची, तिच्यावर माझा ताबाच राहत नसे. बाई ती घेऊन बाबांकडे आल्या. "मिस्त्री, हिच्या मापाची एक कराल?"

बाबांनी फळी उलटी केली, बोटाच्या पेरानं वाजवली, वास घेतला आणि म्हणाले, "यवढंच? फळकूट हाय." पण त्यानंतर आठ दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. साग जड म्हणून बाजूला ठेवला. आंबा पाणी पितो म्हणून टाकला. सुकाणूसाठी माळ्यावर पाच वर्षं सुकत ठेवलेली शिवणीच्या हलक्या लाकडाची फळी होती, ती त्यांनी खाली काढली. माझ्या वजनाचा अंदाज यावा म्हणून एका ओंडक्यावर लांब फळी आडवी टाकली, एका टोकाला मला बसवलं आणि दुसऱ्या टोकाला तांदळाची पोती रचली. शेजारच्या बायका हसून हसून लोटपोट झाल्या. "मिस्तरी, पोरगी इकताय काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फळीचं पुढचं टोक वर वळवायचं होतं. होडीच्या फळ्या वाकवतात तसंच बाबांनी ते ओल्या गोणपाटात गुंडाळलं, नारळाच्या सोडणांच्या आगीवर शेकलं आणि दगडाखाली दाबून ठेवलं. मागच्या टोकाला खालून एक पातं लागतं, माशाच्या पंखासारखं, ते आईच्या पितळी परातीतून कापलं. परात आधीच चिरलेली होती, पण आईनं तिचं सुतक महिनाभर पाळलं. पाय अडकवायला ट्रकच्या ट्यूबचं रबर. वरून मुशी माशाचं तेल. त्या तेलाचा वास असा की बाईंनी फळी हातात घेतली आणि नाकाला रुमाल लावला.

रबर ठोकायच्या आधी बाईंनी विचारलं होतं, "पुढे कुठला पाय ठेवायचा, मिस्त्री? काहींचा डावा असतो."

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "उजवा. पान्यावर डावा कोन टाकतो?"

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात दुसरं उत्तर नव्हतंच.

आणि मग सुरू झाली पडापड. पहिला बोया जायचा, दुसरा कसाबसा जायचा, तिसऱ्याला मी पाण्यात. प्रत्येक रविवारी तेच, आणि मधल्या दिवशी बाई मुद्दाम आल्या तरी तेच. बाबा बघायला कधी यायचे नाहीत. "बायकांचे खेल," म्हणायचे. मी भिजल्या लुगड्यानं येऊन सांगायची आणि ते फळी दुरुस्त करायचे. फळी वळत नाही म्हटलं, तर त्यांना कळलं की त्यांनी पातं होडीच्या कण्यासारखं खोल ठेवलं होतं, सरळ चालावी म्हणून. कानशीनं नखभर घासलं. आता मागचं टोक घसरायला लागलं. मग परातीतून दुसरं पातं. मग रबर बोटभर पुढे. मग अर्धं बोट मागे. मग फळीच्या कडा रंध्यानं गोल केल्या, त्याही फार गोल झाल्या म्हणून खालून पुन्हा धार काढली. तिसरा बोया काही सुटेना.

"फली बरोबर हाय," एक दिवस बाबा भडकले. "तूच वाकडी हायस."

"मी वाकडी असेन तर कुणावर गेले?" मीही म्हटलं.

दोन दिवस आमचं बोलणं बंद. जेवायला या म्हणून सांगायलासुद्धा आई मध्ये. त्या दोन दिवसांत मी मनाशी कबूल करून टाकलं की माझ्यातच ते नाही. दोष फळीचा नाही, पात्याचा नाही. मुकाट्यानं लग्न करावं आणि जावं. ते कबूल करताना मला किती वाईट वाटलं ते आज सांगते, तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

शर्यतीला दहा दिवस राहिले होते. किनाऱ्यावर बाबांची अर्धी बांधलेली होडी उभी होती आणि वर चढायला एक फळी तिरकी लावलेली होती. आईनं चहा घेऊन मला पाठवलं. मी फळीवरून भराभर चढले आणि होडीत पाय टाकला.

"थांब," बाबा म्हणाले. "खाली जा. परत चढ."

दोन दिवसांनी तोंडातून शब्द निघाला तो हा! मी उतरले, चढले. "परत." पुन्हा चढले. चहा निम्मा बशीत सांडला. माझा पारा चढला.

"आत पाय टाकताना अडखळतेस कशाला गो?"

"अडखळत नाही. पाय बदलते."

"म्हंजे?"

"माझा डावाच पुढे येतो, बाबा. तुम्ही ओरडाल म्हणून मी मध्येच एक छोटं पाऊल टाकते, म्हणजे उजवा येतो."

"कवापासून?"

"पहिल्यापासून. देवळात जाताना, घरात येताना, होडीत चढताना. सगळीकडे."

बाबांनी लाकूड तासायची वाकस खाली ठेवली. चहा घेतला नाही. मला खाली वाळूवर नेऊन उभं केलं, पाठ करायला लावली, आणि काही कळायच्या आत मागून असा धक्का दिला की मी तोंडावरच पडायची. पडले नाही. डावा पाय पुढे गेला आणि त्यानं मला सावरलं. पुन्हा धक्का, पुन्हा डावा. तिसऱ्यांदा मी ओरडलेच, "बाबा, पुरे!"

बाबा घरात गेले, देवापुढचा नारळ घेतला आणि एकटेच पाण्यापर्यंत गेले. कमरेत वाकून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. नारळ पाण्यात सोडला, परत आले आणि फळीचे स्क्रू काढायला बसले. ट्यूबचं नवं रबर डाव्या पायाचं कापलं. जुन्या भोकांत शिवणीच्याच खुंट्या ठोकून वरून पटाशीनं अशा सपाट केल्या की बोट फिरवलं तरी लागू नयेत. फळी माझ्या हातात देताना म्हणाले, "पान्यात डावा. बाकी सगलीकडं उजवा. आनि ह्ये गावात कुनाला सांगायचं न्हाय."

त्या रविवारी पहिल्याच फेरीत तिसरा बोया गेला. त्यात माझी काही कर्तबगारी नव्हती, पाय आपापल्या जागी आले होते, इतकंच. चौथाही गेला. पाचव्याला पडले, पण पडताना हसत होते.

शर्यतीच्या दिवशी बाबा आले. शर्यतीकडे पाठ करून, कुणाच्या तरी होडीची सांध तपासत असल्यासारखे उभे राहिले. बोटीत उलटं तोंड करून बाई बसल्या होत्या, माझ्या जुन्या जागेवर. बोटीनं ओढ घेतली. एक. दोन. तिसऱ्याला दात ओठ खाल्ले आणि फळी अंगाखाली अशी वळली की जणू तीच मला घेऊन चालली होती. चौथा गेला. पाचव्याला दोर सैल पडला, आणि झटका येईल तेव्हा काय होईल ते मला माहीत होतं. झटका आला. डाव्या गुडघ्यानं तो घेतला. सहावा बोया मी इतक्या जवळून घेतला की कासोट्याला त्याचं पाणी उडालं. बाई बोटीत उभ्या राहून सहा बोटं नाचवत होत्या. मी मोठ्यानं रडत होते, बोटीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

पुढच्या फेरीत वेग वाढला आणि माझे दोनच झाले. बक्षीस मुंबईच्या एका बाईला मिळालं. मिळू दे. पुढे आयुष्यात खूप चांगलं झालं, मुलं झाली, त्यांची घरं झाली. पण त्या सहाव्या बोयापलीकडे मला जे झालं, तसं पुन्हा झालं नाही. ते खोटं कशाला सांगू?

पाण्यातून बाहेर आले तर बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. फळी काढून घेतली, उलटी केली, पात्यावरून अंगठा फिरवला. "अजून नखभर घासायला हवं व्हतं," म्हणाले. आवाज बसला होता. ओरडून बसावा तसा. पाठ करून उभा राहिलेला माणूस कशाला ओरडेल, म्हणून मी विचारलं नाही.

महिन्यानं लग्न झालं. फळी मी माळ्यावर ठेवून आले, सासरच्या निरोपाप्रमाणे. धरमतरच्या खाडीपर्यंत बाबा पोचवायला आले. आई रडली, मावशा रडल्या, बाबा नावाड्याशी होडीच्या फुटलेल्या कडेवरून भांडत होते. नाव सुटायच्या वेळी पाण्यात उतरून माझ्याजवळ आले. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाले, "उंबऱ्यावर पाय बदल हां गो."

तोवर मी रडले नव्हते.

घाटावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. दारात तांदळाचं माप ठेवलेलं, दोन्ही बाजूंना बायका, आणि पलीकडे ओवाळणीचं ताट घेतलेल्या सासूबाई. मी चालत आले. अगदी मापापाशी माझा डावा पाय पुढे आला. मी छोटं पाऊल टाकलं, पाय बदलला, आणि उजव्या पायानं माप लवंडून आत गेले.

"अडखळलीस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "अडखळले जरा."