वादी-प्रतिवादी एका स्कूटरवर

"तुमी पयले," म्हणून आमचे वकीलसाहेब दोन्ही हात मांड्यांना चिकटवायचे आणि कमरेतून वाकायचे. दारात पक्षकार असो, पोस्टमन असो, नाहीतर मी, त्यांचा ज्युनिअर. तुम्ही त्या काळी अमरावतीच्या कोर्टात असतात तर तुम्हालाही धडकीच भरली असती. कारण त्याआधीची वीस वर्षं हा माणूस पार्किंगवरून, चहावरून, अगदी पंख्याच्या वेगावरूनही भांडलेला.

झालं असं, की बीपी वाढलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. चालायचा कंटाळा, म्हणून साहेबांनी कराटेच्या क्लासला नाव घातलं. वय पंचावन्न, कमरेला पांढरा पट्टा आणि रांगेत शेजारी चौथीतली पोरं. शिकवणारी मुलगी बावीस वर्षांची. तिचा नियम होता: समोरच्याला आधी वाकायचं, तो पडला तर हात देऊन उठवायचं. क्लासबाहेरसुद्धा. न्यायाधीशांशी हुज्जत घालणारे साहेब तिला मात्र मुकाट "हो मॅडम" म्हणायचे.

एकदा बडनेरा रोडवर एका ऑटोवाल्यानं त्यांच्या स्कूटरला मागून ठोकलं. साहेब उतरले, हेल्मेट काढलं, पाच श्वास मोजले आणि वाकले. ऑटोवाल्यानं असं वाकणं सिनेमात पाहिलं असावं. त्यानंतर काय होतं तेही. ऑटो तिथेच टाकून तो पळाला. मग साहेब अर्धा तास उन्हात त्याचा ऑटो राखत उभे! तो भीत भीत परत आला तेव्हा म्हणाले, "काहून पळाला गा? म्या तं नमस्कार केला तुले."

खरी पंचाईत शेजारच्या गुरुजींची झाली. दोन घरांमधल्या दोन फुटांच्या बोळीसाठी साहेबांनी त्यांच्यावर दावा लावला होता. सात वर्षं बोलणं बंद. एका सकाळी साहेब कुंपणापलीकडून वाकले. गुरुजींनी घरात जाऊन कडी लावली आणि मला फोन केला, "भाऊ, खरं सांगा. आनखी एक नोटीस येऊन राहिली काय?"

मी साहेबांना म्हटलं, "मग दावा काढूनच घ्या ना."

"काहून? मॅटवर वाकल्यावर लाथ हाणत नाई काय?"

एप्रिल महिन्यातल्या तारखेला गुरुजींची गाडी पंक्चर झाली. साहेबांनी त्यांना मागे बसवून कोर्टात आणलं. वादी-प्रतिवादी एका स्कूटरवर! सगळे वकील व्हरांड्यात जमले. दोघं वाटभर त्या बोळीवरूनच भांडत आले होते. साहेबांनी उलटतपासणीत गुरुजींना पार रडकुंडीला आणलं, मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि घरी नेऊन सोडलं. त्या दिवसापासून दर तारखेला हेच.

पुढे तब्येतीमुळे साहेब घर भाड्यानं देऊन लेकीकडे अकोल्याला राहायला गेले. मला वाटलं, आता तडजोड होईल. पण गुरुजींनी मला जिन्यात गाठलं.

"दावा चालू राहू द्या," ते हळूच म्हणाले. "तारखेले तो येते अकोल्याहून. माह्याच घरी उतरते."

हिवाळ्यात साहेब वारले. पुढच्या तारखेला मी एकटाच उभा होतो. शिपायानं साहेबांचं नाव पुकारलं. मी तोंड उघडणार, तोच मागच्या बाकावरून गुरुजी म्हणाले, "हजर."

मग त्यांचं स्वतःचं नाव आलं. त्यांनी नुसता हात वर केला.