बॅप्टिस्टचं गॅरेज आणि फर्डिनंडचा बांबू

पापडी गावचा आमचा फर्डिनंड वायरमन म्हणजे आधी हात, मग तोंड! एकोणऐंशी साली बॅप्टिस्टने टेम्पोसाठी गॅरेज बांधलं. फर्डिनंडने वायरिंगसाठी लाकडी पट्टीऐवजी लोखंडी पाइप घेतले, स्विचला लोखंडी बॉक्स आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण निवडलं. फादर नव्या गॅरेजला आशीर्वाद द्यायला आले, त्या दिवशी फर्डिनंड येऊन बघतो तर झाकण काढलेलं, आणि दिवा चालू!

"बॅप्टिस्ट, कुणी काढलं हे?"

"मीच. फादरांचं पवित्र पाणी आत नको का पोचायला?"

फर्डिनंड ओरडेपर्यंत फादरांनी शिंपडलंसुद्धा. बॉक्स तडतडला. बॅप्टिस्ट पुसायला गेला तो तिथेच चिकटला, डोळे पांढरे! फर्डिनंडने केळीच्या टेकूचा सुका बांबू उचलून त्याच्या मनगटावर असा हाणला, की हाड मोडल्याचा आवाज आम्हाला अंगणात आला. बॅप्टिस्ट सुटून खाली पडला. पण त्याच्या दोघा भावांना दिसला तो फक्त बांबू. त्यांनी फर्डिनंडला पाडून रक्त येईपर्यंत तुडवलं.

"सोडा रे, गाढवांनो!" बॅप्टिस्ट जमिनीवरून किंचाळला. "त्याच्यामुळे जगलो मी!"

भाऊ थिजले. फर्डिनंड उठला, तोंडातलं रक्त थुंकला आणि दोघांच्या कानाखाली एकेक सणसणीत वाजवली. फादरांनी तेवढ्यापुरती पाठ फिरवली.