खरपुडीच्या दोन शेंगा

पिंपळगाव रेणुकाईच्या दुर्गाबाई बावीस वर्षांपासून भेंडीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जातात. सांजच्याला कळी सोलायची, आतला पराग काढून टाकायचा, खूण म्हणून लाल दोरा बांधायचा आणि सकाळी दुसऱ्या ओळीतल्या फुलाचा पराग तिच्यावर फिरवायचा. दुर्गाबाईंनी हात लावलेली कळी सहसा वाया जात नाही.

एका श्रावणात डोंगरावरून उतरताना नीला मॅडम त्या प्लॉटशी थांबल्या. त्या जालन्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेतच उगवणारी खरपुडीची एक जात त्या चार वर्षं पाहत होत्या. कंदिलासारखं बोटभर फूल. झाडं नऊच उरलेली, आणि एकालाही शेंग धरत नव्हती. मॅडमनी चिमट्यानं दोनदा पराग भरून पाहिला, पण फुलं गळून गेली.

त्यांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. दुर्गाबाई हसल्या.

"ही तर खरपुडी! लहानपणी शेरडं राखता राखता हिचे कांदे खणून खाल्ले आम्ही. लई गोड."

"आता फक्त नऊ झाडं राहिलीत, दुर्गाबाई."

त्यांचं हसू ओसरलं. "मंग आम्हीच खाऊन संपवली म्हणा की."

"तुम्ही एकट्यांनी नाही. पण हात तुमचा चालेल, असं वाटतं. याल?"

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई डोंगर चढल्या. मॅडमनी भिंगातून दाखवलं : फुलाच्या पोटात खसखशीहून बारीक पिवळे दाणे आणि ते बसवायची त्याहून बारीक फट. दुर्गाबाईंनी चिमटा परत दिला.

"ह्यानं फूल चेंगरून राह्यलं, मॅडम."

त्यांनी आपल्या डोक्यावरचा एक जाड पांढरा केस उपटला, त्याच्या टोकानं दाणा उचलला आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात अलगद सरकवला. दुपारपर्यंत अकरा फुलं झाली.

अकरांपैकी नऊ फुलं गळाली. दोन धरली. दर रविवारी दुर्गाबाई वर जाऊन बघून यायच्या. शेंगा शिंगांसारख्या लांब झाल्या तशी त्यांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्यांवर सैल बांधल्या, कारण तडकल्यावर बी रुईसारखं उडून जातं. दिवाळीआधी चिंध्या सोडल्या तेव्हा छत्तीस बिया निघाल्या. मॅडमचे डोळे भरले. दुर्गाबाईंनी त्या दोनदा मोजल्या, "बराबर हायेत" म्हणाल्या आणि पुडी बांधून मॅडमच्या हातात दिली.

पुढच्या पावसाळ्यात मॅडमनी त्या कॉलेजात कुंड्यांत लावल्या, चौदा रुजल्या. त्यांतली सहा रोपं दोघींनी डोंगरावरच काटेरी झुडपांच्या आडोशाला लावली, म्हणजे शेरडांचं तोंड पोचायला नको. यंदा भादव्यात त्यांतल्या दोन रोपांना फुलं आली. मॅडमचा फोन येताच दुर्गाबाई वर गेल्या, फुलाशेजारी खडकावर टेकल्या.

"ह्याचा कांदा आता कुणाला खाऊ द्यायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

मग पदर खोचून त्या खाली उतरल्या. प्लॉटवर सांजच्या कळ्या सोलायच्या होत्या.